शस्त्रक्रियेनंतरचे ‘ध्येय वजन’ कसे ठरवायचे?

वाचकाचे पत्र

माझे वय ४३ आहे. मी सिंहगड रस्त्यावर राहते आणि एका सहकारी बँकेत नोकरी करते. मुलगी अकरावीत आहे. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातच माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११२ किलो होते आणि उंची १५८ सेंटिमीटर आहे. आज वजन ७८ किलो आहे, पण गेले दोन महिने काटा तिथेच अडकला आहे. मधुमेहाच्या गोळ्या आठ महिन्यांपूर्वी बंद झाल्या, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ वरून ५.७ वर आले आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एकच उरली. पण शस्त्रक्रियेआधी मी डायरीत ५५ किलो हे ध्येय लिहिले होते. ते माझे लग्नातले वजन. मिस्टरांच्या ओळखीतले एक गृहस्थ वजनासाठीच्याच जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर १६० वरून १०५ किलोवर आले, म्हणजे ५५ किलो कमी झाले. माझे ३४च. सासूबाई म्हणतात, “एवढा खर्च करून अजून एवढीच का?” महिनाभरापासून मी रात्रीचे जेवण बंद केले आहे. केस गळत आहेत, थकवा येतो. मार्गशीर्षात भाचीचे लग्न आहे. आता दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यावी, की ती वजन कमी करणारी नवी इंजेक्शने घ्यावीत? ध्येय वजन नक्की किती ठेवायचे असते?

उत्तर

ताई, सर्वांत आधी आज रात्रीपासून जेवण पुन्हा सुरू करा. बाकीच्या प्रश्नांवर सावकाश बोलता येईल. परंतु जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकलेल्या व्यक्तीने रोजचे एक जेवण सोडणे ही सावकाशीने घेण्याची गोष्ट नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अनेकांचे केस गळतात. ते शरीराला बसलेल्या धक्क्यामुळे आणि झपाट्याने उतरलेल्या वजनामुळे गळतात आणि बहुतेकांचे पुन्हा येतातही. चौदाव्या महिन्यात थकव्यासोबत केस गळत असतील, तर मात्र प्रथिने, लोह, झिंक, बी-१२, ड जीवनसत्त्व किंवा थायरॉइड यांपैकी कुठेतरी कमतरता आहे अशी शंका घ्यावीच लागते. त्यामुळे याच आठवड्यात आपल्या सर्जनच्या फॉलोअपची वेळ घ्या आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन व थायरॉइडची तपासणी करून मागा. मध्येच वारंवार उलट्या होऊ लागल्या, पायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बी-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची ती लक्षणे असू शकतात आणि उशीर झाल्यास मज्जासंस्थेची हानी कायमची राहू शकते.

आता ध्येय वजनाविषयी. तुमच्या डायरीतला ५५ हा आकडा कुठून आला, हे तुम्हीच प्रांजळपणे लिहिले आहे. ते लग्नातले वजन आहे, म्हणजे एका बाळंतपणाच्या आधीचे, मधुमेहाच्या आधीचे, आणि ज्या शरीराने कधी शंभरी पाहिली नव्हती त्या शरीराचे. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या स्त्रियांशी बोलताना मला हा आकडा फार वेळा ऐकायला मिळतो. त्यामागची ओढ मला पूर्णपणे समजते, कारण त्या आकड्याशी वजनाखेरीज बरेच काही जोडलेले असते: तेव्हाचा उत्साह, तेव्हाची शरीराची सवय, तेव्हाचा आरशातला चेहरा. परंतु वैद्यकीय ध्येय म्हणून त्याला आधार नाही. तुमच्या आजच्या शरीराकडून किती अपेक्षा ठेवणे न्याय्य आहे, याविषयी तो काहीच सांगत नाही.

दवाखान्यांच्या भिंतींवरचे ‘आदर्श वजना’चे तक्तेही या बाबतीत फार उपयोगी पडत नाहीत. अशा तक्त्यांची परंपरा अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या १९४३ आणि १९५९ च्या तक्त्यांपर्यंत मागे जाते. विमा उतरवलेल्या माणसांपैकी कोणत्या उंचीला कोणत्या वजनाची माणसे अधिक जगतात, एवढेच त्या कंपनीला हवे होते. उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा करण्याचा ठोकताळा त्याहून जुना असून तो एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावाने ओळखला जातो. बीएमआयचे (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सूत्रही मुळात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी लोकसमूहांच्या सरासरीचा अभ्यास करताना मांडले होते. यांतल्या ब्रोका आणि बीएमआय या दोन मापांनी पाहिले तर तुमच्या उंचीतून शंभर वजा करून ५८ किलो येतात, भारतीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या २३ या बीएमआय मर्यादेने ५७ किलो येतात, आणि २५ ची मर्यादा धरली तर ६२ किलो. एकाच स्त्रीची ही तीन ‘आदर्श’ वजने झाली, आणि त्यांपैकी एकही आकडा ११२ किलोवरून खाली आलेल्या माणसांचा अभ्यास करून काढलेला नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत हिशोब वरून खाली करायला हवा, म्हणजे जिथून निघालात तिथून. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनंतर साधारण ३० टक्के वजन कमी होते, अशी ढोबळ सरासरी जगभरच्या अनुभवातून दिसते. कुणाचे याहून अधिक उतरते, कुणाचे कमी. ११२ किलोच्या २५ टक्के म्हणजे २८ किलो. त्या हिशोबाने तुमचे वजन ८४ च्या आसपास स्थिरावले असते, तरी डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले असते. तुमचे ३४ किलो कमी झाले आहे, म्हणजे ३० टक्के. स्लीव्ह करून घेऊन तुम्ही बायपासच्या सरासरीइतके वजन उतरवले आहे. ५५ गाठायचे तर मूळ वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे ५७ किलो, घालवावा लागेल. आणि एवढी घट स्लीव्हनंतर फारच थोड्या लोकांच्या वाट्याला येते.

मिस्टरांच्या ओळखीतल्या गृहस्थांचेही याच रीतीने पाहा. १६० वरून १०५ म्हणजे ३४ टक्के. तुमचे ३० आणि त्यांचे ३४. किलोच्या भाषेत ५५ आणि ३४ यांच्यात केवढी तफावत वाटत होती, ती टक्क्यांत किती उरली पाहा. शिवाय त्यांची शस्त्रक्रिया वेगळी, पुरुषाचे शरीर वेगळे, सुरुवातीचे वजन वेगळे. या तुलनेने तुम्ही स्वतःला दोन महिने छळले आहे आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण ती तुलना मुळातच चुकीच्या मापाने झाली होती.

तुमच्या फाइलमध्ये कदाचित ‘जादा वजनाच्या इतके टक्के घट’ असा एक आकडा लिहिलेला असेल, त्याबद्दलही सांगते. ही मोजण्याची जुनी पद्धत. तिच्यात आधी आदर्श वजन धरतात, त्याच्यावरचे सगळे वजन ‘जादा’ मानतात आणि त्यातले किती गेले ते काढतात. आदर्श ५७ धरले तर तुमचे ६२ टक्के जादा वजन गेले. ६२ धरले तर ६८ टक्के गेले. शरीर तेच, काटा तोच, पण फाइलमधले गुण बदलले. म्हणून अलीकडे अनेक डॉक्टर एकूण वजनातली टक्केवारी पाहणे पसंत करतात, आणि माझ्या मते रुग्णानेही तीच लक्षात ठेवावी.

काटा अडकला, हा तुमचा दुसरा प्रश्न. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, तिथेच घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होते. ते कमी झाल्याने आणि अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यावर तृप्ती देणारी संप्रेरके वाढल्याने पहिले सहा महिने वजन झपाट्याने उतरते. पण ७८ किलोच्या शरीराला चालवायला ११२ किलोच्या शरीराएवढे इंधन लागत नाही. शरीर जसजसे लहान होते तसतसा त्याचा खर्च घटतो, आणि एके दिवशी खाणे व खर्च समसमान होतात. हा मुक्काम बहुतेकांना बाराव्या ते अठराव्या महिन्यांच्या दरम्यान, काहींना दोन वर्षांच्या सुमारास लागतो. तुम्ही चौदाव्या महिन्यात आहात. अजून दोन-तीन किलो जातीलही कदाचित, किंवा जाणार नाहीत. पण इथे काटा थांबणे हा बिघाड नाही, शस्त्रक्रियेचा ठरलेला क्रमच तसा आहे. आणि पुढचे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा धक्का बसणार नाही: सर्वांत कमी वजनाला टेकल्यावर पुढच्या काही वर्षांत थोडे वजन परत येणे हे अपवादात्मक नाही, ते बहुतेकांचे होते.

या संदर्भात स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला एक मोठा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांचा आणि तितक्याच शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के, दहा वर्षांनी १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के कमी होते. तेव्हाच्या शस्त्रक्रिया आजच्याहून बऱ्याच वेगळ्या होत्या, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू करू नयेत. पण सरासरीने पाहता ही माणसे तक्त्यातल्या आदर्श वजनापासून कायम दूरच राहिली, आणि तरीही शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आरोग्याचा लाभ पदरात पडायला आदर्श वजन गाठावे लागत नाही.

तुमच्या पत्रातली जी वाक्ये तुम्ही ‘पण’च्या आधी घाईने उरकलीत, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. मधुमेहाच्या गोळ्या आठ महिने बंद असताना एचबीए१सी ५.७ आहे. औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिले, तर त्याला मधुमेहाची मुक्तावस्था म्हणावे, असे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवले आहे. तुम्ही आज त्या अवस्थेत आहात. ती कायमची आहे असे समजून तपासण्या मात्र सोडू नका, कारण काही वर्षांनी साखर पुन्हा वाढू शकते आणि ते वेळीच कळायला हवे. गुडघ्यांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी सांगते. संधिवात असलेल्या वजनदार व्यक्तींवरील एका अमेरिकी अभ्यासात दिसले, की एक किलो वजन कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तुमचे ३४ किलो कमी झाले आहे. पर्वतीच्या पायऱ्या वर्षापूर्वी किती वेळा थांबून चढत होतात आणि आता किती वेळा थांबता, हे एकदा पाहा आणि तेही डायरीत लिहा.

आता पुण्यातल्याच एका संशोधनाबद्दल, कारण तुमच्या उपाशी राहण्याशी त्याचा थेट संबंध आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन आणि उंचीचे गणित सारखे असूनही भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणण्यामागे ही जाणीव आहे. परंतु तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की काट्यावरचे किलो नेमके कशाचे गेले हे किलो किती गेले याहून महत्त्वाचे आहे. मुळातच ज्यांचे स्नायू कमी, त्यांनी प्रथिने न घेता जेवण सोडून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. काटा ७८ वरून ७४ वर येईल, शेजारीण कौतुक करेल, आणि शरीर मात्र अधिक अशक्त झालेले असेल. खर्चही आणखी घटेल आणि पुढे वजन परत येणे सोपे होईल. एक महिना रात्री उपाशी राहूनही काटा हललेला नाही, यावरूनही हा मार्ग उपयोगाचा नाही हे दिसतेच.

म्हणून रात्रीचे जेवण. तुम्हाला दिवसभरात साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतील; नेमका आकडा तुमच्या डायटिशियनकडून घ्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात, यावरून लक्षात येईल की एक जेवण गाळून हा हिशोब जमणे जवळजवळ अशक्य आहे. ताटात आधी प्रथिने खावीत, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. पनीर घालून मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, अंड्याची भुर्जी, मासे किंवा चिकन खात असाल तर त्याचे मऊ शिजवलेले तुकडे, असे साधे घरचे पदार्थ पुरेसे आहेत. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतर अर्धा तास थांबा. आणि एक गोष्ट तपासून पाहा: बँकेत चहाबरोबर बिस्किटे, घरी येता-जाता चिवड्याची मूठ, शनिवारी बाकरवडी, असे काही सुरू झाले आहे का? असले कोरडे, कुरकुरीत पदार्थ लहान झालेल्या जठरातूनही भराभर खाली सरकतात, पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि मुख्य जेवण टाळणाऱ्या माणसाला तेच सर्वांत जास्त खुणावतात. उसाचा रस आणि मस्तानी यांचेही तसेच. मी हे खाण्यावर बंदी घालण्यासाठी लिहीत नाही. भाचीच्या लग्नात जिलेबीचा तुकडा जरूर खा. मोजायचे ते रोजच्या सवयीला.

गोळ्यांबाबत थोडक्यात: मल्टिव्हिटामिन, बी-१२, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व आणि पाळी सुरू असल्याने लोह, ही औषधे स्लीव्हनंतर आयुष्यभराची आहेत. कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका.

मग ध्येय ठेवायचे किती? माझे मत असे, की तुम्ही एक आकडा न ठेवता पट्टा ठेवावा. आज तुम्ही ७८ वर आहात. तुमच्या सर्जनला आणि डायटिशियनला विचारून ७५ ते ८० किलो हा पट्टा पुढच्या वर्षासाठी निश्चित करा. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी, शौचास जाऊन आल्यावर वजन करा. रोज काट्यावर उभे राहणे सोडून द्या, कारण पाळी, मीठ, बद्धकोष्ठता यांनी वजन एक-दीड किलो सहज वरखाली होते आणि त्यावरून दिवसाची मनःस्थिती ठरू लागते. पट्ट्याच्या वर एक धोक्याची रेषाही आखा, समजा ८३ किलोंवर, आणि तिथे पोहोचलात तर स्वतःला शिक्षा न करता सरळ फॉलोअपची वेळ घ्या. अनेक जण नेमके वजन वाढल्यावर लाजेने फॉलोअपला जाणे बंद करतात. डॉक्टरांना तोंड दाखवायला संकोच वाटतो, आणि जी मदत तेव्हाच मिळायला हवी ती मिळत नाही. ही रेषा आधीच आखून ठेवली, तर त्या वेळी जाणे हे अपयश कबूल करण्यासारखे वाटत नाही. दोन वर्षे पूर्ण झाली, की पट्टा पुन्हा डॉक्टरांसोबत पाहा.

पट्टा ७५ पर्यंत खाली आला तर आनंदच आहे. मात्र त्यासाठी ताटातले कमी करू नका, स्नायूंचे काम वाढवा. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तळजाई किंवा सारसबागेतले रोजचे चालणे चांगले आहेच, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. कंबरेचा घेर दर महिन्याला एकाच जागी मोजा. काटा थांबलेला असताना घेर कमी होत असेल, तर शरीर योग्य दिशेने जात आहे. आणखी एक बाब फार कमी जण सांगतात: एवढे वजन उतरल्यावर पोट, दंड आणि मांड्यांवरची सैल झालेली त्वचा शरीरावरच राहते आणि तिचेही काही किलो वजन असते. काट्यावर ते मोजले जाते, पण कितीही उपवास केला तरी ते जाणार नाही. पुढे कधी त्वचेची शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच ती करतात. म्हणजे त्यासाठीसुद्धा आजचे हे स्थिर राहणे उपयोगाचे आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेबाबत माझे मत स्पष्ट आहे: केवळ ५५ गाठण्यासाठी ती करू नये. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करण्याची कारणे असतात. औषधांनी न आवरणारी जळजळ आणि आम्लपित्त हे एक, वजन फारच कमी उतरणे किंवा बरेचसे परत येऊन जुने आजार उलटणे हे दुसरे. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही. आणि दुसऱ्या खेपेच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होत असेल, तर ते मात्र फॉलोअपला आवर्जून सांगा, ती अंगावर काढू नका.

इंजेक्शनांचे थोडे वेगळे आहे. टिरझेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही दोन्ही औषधे २०२५ मध्ये भारतात आली, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परत येऊ लागलेल्या काही रुग्णांना डॉक्टर ती देतात. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी भूक आणखी मंदावते. तुम्ही आत्ताच प्रथिने पुरेशी घेत नाही आहात, केस गळत आहेत, थकवा आहे; अशा अवस्थेत भूक आणखी कमी करणे म्हणजे कमतरता वाढवणे. शिवाय ती बंद केल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढू लागते, म्हणजे निर्णय दोन-चार महिन्यांचा नसतो. पुढे कधी धोक्याची रेषा ओलांडली गेली, तर तुमच्या डॉक्टरांसमोर हा पर्याय खुला आहे. एखाद्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून परस्पर सुरू मात्र करू नका.

सासूबाईंचे बोलणे मनाला लागते, हे मी समजू शकते. त्यांनी कदाचित काळजीपोटी विचारले असेल, कदाचित खर्चाच्या हिशोबाने. पण त्यांच्यासमोर आजवर फक्त काट्याचाच आकडा आला आहे. मधुमेहाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि दोन्ही रक्ततपासण्यांचे कागद एकदा त्यांच्यासमोर ठेवा आणि “आई, ही शस्त्रक्रिया यासाठी केली होती,” असे शांतपणे सांगा. त्याहून अधिक स्पष्टीकरण देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. मिस्टरांना फॉलोअपला सोबत न्या. ध्येयाचा पट्टा डॉक्टरांच्या तोंडून त्यांनीही ऐकला, तर त्या गृहस्थांशी होणारी तुलना घरात आपोआप कमी होईल. आणि मुलीविषयी एक विनंती आहे. अकरावीतली मुलगी आई जेवण सोडते, रोज काट्यावर चढते आणि स्वतःला बोल लावते हे सगळे पाहत असते, आणि त्या वयात स्वतःच्या शरीराविषयीचे मत असेच तयार होते. तिच्यासोबत बसून जेवा.

मार्गशीर्षातल्या लग्नासाठी ब्लाउज आजच्या मापाने शिवायला टाका. ‘तोवर अजून पाच किलो जातील’ म्हणून घट्ट माप देऊ नका, कारण मग लग्नाआधीचा महिनाभर पुन्हा उपाशी राहण्यात जाईल. रक्ततपासण्या त्याआधी करून घ्या आणि लोह किंवा बी-१२ कमी निघाले, तर उपचार लगेच सुरू करा. थकवा उतरायला आणि केस सावरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. अहवाल आल्यावर हवे असल्यास मला पुन्हा लिहा. त्यासोबत दिवसभरात काय खाता याची तीन दिवसांची साधी नोंद पाठवलीत, तर प्रथिने कुठे वाढवता येतील हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.